वाचकांची विचारणा : कॅसेटमधला आवाज, वहीतलं नाव आणि उतरलेला डफ

पोळा झाला, काळी-पिवळी मारबत निघून गेली. आता भुलाबाई बसतील आणि मग दसऱ्याला दीक्षाभूमीची गर्दी. या दिवसांत लोकगीतांविषयीची पत्रं एकदम वाढतात. यंदा बहुतेक पत्रांचा सूर एकच आहे: घरात गाणी आहेत, ती जपायची कशी? म्हणून या अंकात प्रश्न थोडे घेतले आहेत आणि उत्तरं सविस्तर दिली आहेत.

प्रश्न : सासरे खंजिरी भजनाच्या मंडळात होते. १९८० नंतरच्या दहा-बारा वर्षांत त्यांनी भरलेल्या चाळीसेक कॅसेटी लोखंडी कपाटात सापडल्या. काहींच्या खिडकीतून आत पांढरं जाळं दिसतं. एक लावून पाहिली तर ती किंचाळली आणि अडकली. दुकानदार म्हणतो, सगळ्या द्या, पेनड्राइव्हवर एमपी-थ्री करून देतो. द्यायच्या का? (वाचक भगिनी, सक्करदरा)

उत्तर : ताई, इतक्यात देऊ नका आणि घरीही आणखी एकही लावू नका. पांढरं जाळं म्हणजे बुरशी. तशी कॅसेट लावली की बुरशी टेपच्या हेडला आणि रबरी चाकाला लागते आणि पुढच्या चांगल्या कॅसेटवर जाते.

पहिलं काम पाच मिनिटांचं आहे. प्रत्येक कॅसेटच्या वरच्या कडेला दोन कोपऱ्यांत प्लास्टिकच्या दोन छोट्या चिपा असतात, त्या मोडून टाका. चिप मोडली की रेकॉर्डचं बटण दाबलंच जात नाही. घाईत भलतं बटण दाबून आजोबांच्या भजनावर घरातली बडबड भरली गेल्याचे प्रकार फार होतात.

मग वाटणी करा. बुरशीच्या कॅसेटी वेगळ्या काढा, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत घट्ट झाकणाच्या डब्यात दोन-तीन दिवस ठेवा. बुरशी सुकली की ती झटकून निघते, ओली असताना फासली जाते. नंतर गच्चीत किंवा अंगणात, तोंडाला फडकं बांधून, मऊ कोरड्या ब्रशने गुंडाळीची कड साफ करा. पाच स्क्रूची कॅसेट असेल तर उघडणं सोपं आहे. डिंकाने चिकटवलेली असेल तर सांध्यावर पातळ पातं घालून हळूच उकलावी लागते आणि आतली टेप स्क्रूच्या रिकाम्या कॅसेटमध्ये बसवावी लागते. म्हणून बाजारातल्या निकामी कॅसेटी दोन-चार जमवून ठेवा, सुटे भाग त्यातूनच मिळतात.

किंचाळण्याचं कारण बहुतेकदा असं असतं: वर्षानुवर्षं न हललेली टेप गुंडाळीत घट्ट बसते, आतले गुळगुळीत कागद कोरडे पडतात आणि टेप घासत चालते. अशी कॅसेट न वाजवता एकदा पूर्ण पुढे आणि एकदा पूर्ण मागे गुंडाळा. सुरुवात षट्कोनी पेन्सिलीने हाताने करा. तरीही किंचाळली तर आतली टेप दुसऱ्या कॅसेटच्या खोक्यात घाला. आवाज बोदा येत असेल, टाळ ऐकूच येत नसेल, तर खिडकीच्या खाली बघा. टेपला हेडवर दाबून धरणारा नमद्याचा बारीक तुकडा पडला असेल. तो निकामी कॅसेटमधून काढून लावता येतो. टेप तुटली असेल तर दोन्ही टोकं तिरपी कापून जुळवा आणि हेडला लागणाऱ्या बाजूच्या उलट बाजूने टेप जोडायचीच खास पट्टी लावा. सेलोटेप अजिबात नको, तिचा गोंद उन्हाळ्यात पाझरतो आणि शेजारचे वेढे चिकटतात.

वाजवायला यूएसबीची स्वस्त खेळणी घेऊ नका, त्यांची गती डुलते. चांगला जुना डेक किंवा टू-इन-वन शोधा, त्याचा रबरी पट्टा बदलून घ्या. हेड आणि धातूचा दांडा आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने पुसा, दर दोन-तीन बाजूंनंतर पुन्हा. हेडशेजारी स्प्रिंगचा एक बारीक स्क्रू असतो. कॅसेट चालू असताना तो केसभर इकडेतिकडे फिरवून टाळ-झांज सर्वांत लखलखीत कुठे ऐकू येते ते पाहा. प्रत्येक कॅसेट वेगळ्या टेपरेकॉर्डरवर भरलेली असू शकते, म्हणून हे दर कॅसेटला करायचं. डॉल्बीचं, म्हणजे खरखर कमी करणारं, बटण बंद ठेवा, घरी भरलेल्या कॅसेटींना ते क्वचितच लागतं.

डेकच्या लाइन-आउटमधून छोट्या यूएसबी ऑडिओ इंटरफेसमध्ये आणि तिथून संगणकात. लॅपटॉपच्या माइकच्या भोकात थेट वायर घातली तर आवाज फाटतो. ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसं आहे. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, डब्ल्यूएव्ही (आवाज न दाबता साठवणारी फाइल). सर्वांत मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. या मापाने एका तासाची फाइल साधारण १ जीबी होते, म्हणजे साठ मिनिटांच्या चाळीस कॅसेटी ४० जीबीत मावतात. एमपी-थ्री ही नातेवाइकांना पाठवायची प्रत, जपायची नव्हे. आणि मूळ फाइलवर 'खरखर काढा' हे बटण चालवू नका. खरखरीबरोबर तुणतुण्याची तार आणि खंजिरीच्या चकत्यांची किणकिणही जाते, आणि गेलेली परत येत नाही.

आता एक बारीक गोष्ट. कॅसेटची ठरलेली गती सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर. सासऱ्यांचा टेपरेकॉर्डर भरताना हळू चालत असेल तर आज ऐकताना आवाज चढा येईल. हे ओळखायला हार्मोनियम कामी येते. पेटीच्या लगतच्या दोन पट्ट्यांत सुमारे ६ टक्क्यांचा फरक असतो. गती ३ टक्के चुकली की सूर बरोबर दोन पट्ट्यांच्या मधे पडतो. मात्र मंडळाची पेटीच जुनी, मूळचीच उतरलेली असू शकते. म्हणून त्याच मंडळाच्या चार कॅसेटी ताडून पाहा. तीन एका पट्टीत आणि एकच वेगळी असेल तर दोष गतीचा. दुरुस्ती प्रतीवर करा, मूळ तशीच ठेवा.

आणि गाण्यांच्या मधलं बोलणं कापू नका. 'आता अमक्यांचं भजन' हे वाक्य तिथेच असतं. कित्येक गाण्यांच्या कर्त्याचा उभ्या जगातला एकमेव पुरावा ते अर्धं वाक्य असतं.

हे सगळं ऐकून घेणारा, स्क्रू उघडायला तयार असणारा दुकानदार मिळाला तर खुशाल द्या. पण पाच-पाच द्या आणि मूळ कॅसेटी परत घ्या.

प्रश्न : आजीच्या हातची वही आहे. १९६५ ते १९९० च्या दरम्यान उतरवलेली सत्तरेक गाणी: भजनं, भीमगीतं, पाळणे. कुठेही कवीचं नाव नाही. भाचा पुस्तिका छापतो आहे, सगळ्यांवर 'पारंपरिक' लिहिणार म्हणतो. चालेल का? (वाचक, कामठी)

उत्तर : काका, नाही चालणार. पाळण्यांना कदाचित चालेल. पण १९६५ नंतरचं भीमगीत पारंपरिक नसतं, ते कुणीतरी रात्र जागून लिहिलेलं असतं. ज्या माणसाने गाणं दिलं त्याचं नाव पुसून गाण्यावर प्रेम करता येत नाही. भाच्याला एक महिना थांबवा आणि वही घेऊन बसा.

कर्त्याचं नाव वहीतच असतं, फक्त मथळ्यावर नसतं. ते शेवटच्या कडव्यात बघा. आपल्याकडे गाण्यात कर्त्याने आपलं नाव गुंफायची, म्हणजे मुद्रा घालायची, रीत संतांपासून शाहिरांपर्यंत अखंड चालत आली आहे. 'तुकड्या' किंवा 'तुकड्यादास' आलं तर ते राष्ट्रसंत तुकडोजी महाराज. मूळ नाव माणिक, जन्म १९०९, अमरावती जिल्ह्यातल्या यावलीचा. 'तुकड्या' हे नाव गुरू आडकोजी महाराजांनी दिलेलं. 'वामन' आलं तर बहुधा वामनदादा कर्डक, जन्म १९२२, सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे. दोघंही स्वतः लिहून स्वतः गाणारे, म्हणून त्यांची मुद्रा चालीत इतकी मुरलेली असते की ऐकताना वेगळी जाणवतही नाही.

पण नुसत्या शब्दावर विसंबू नका. 'सुश्लोक वामनाचा' म्हणतात तो वामन पंडित सतराव्या शतकातला. त्याची रचना श्लोकांची, संस्कृत वृत्तांत बांधलेली. ओळीतली अक्षरं मोजली की फरक लगेच कळतो. कधी 'वामन' हा विष्णूचा अवतार म्हणूनही आलेला असतो. ओळीचा अर्थ त्या शब्दावाचून पुरा होत असेल आणि तो शब्द वरून 'म्हणे', 'सांगे', 'गातो' असा जोडलेला असेल, तर ती मुद्रा. दुसरा फसवा प्रकार म्हणजे जोडनाव. 'होनाजी बाळा' हा एक माणूस नव्हे. होनाजी शिलारखाने रचायचा, बाळा करंजकर गायचा. पथकाच्या नावातही दोन माणसं असू शकतात हे ध्यानात ठेवा. गुरूचं नाव शिष्याने घातल्याचीही उदाहरणं आहेत.

शेवटचं कडवंच नसेल तर? हे वारंवार होतं. कार्यक्रमात वेळ कमी पडला की गाणारे शेवटचं कडवं सोडतात, ऐकणारी आजी तेवढंच उतरवते, आणि कर्त्याचं नाव तिथेच गळतं. नाव हरवण्याचा सर्वांत मोठा रस्ता हाच. अशा वेळी तेच गाणं दुसऱ्या वहीत, कॅसेटवर, एखाद्या जुन्या मंडळाच्या तोंडी शोधा. चार कडव्यांचं गाणं कुठेतरी पाच कडव्यांचं निघतं.

दुसरा धागा म्हणजे गाण्यावर लिहिलेली 'चाल'. भीमगीतांच्या वह्यांत 'चाल :' लिहून एखाद्या गाजलेल्या सिनेगीताची ओळ दिलेली असते. तो सिनेमा कोणत्या वर्षी आला ते काढा. गाणं त्याच्या आधीचं असण्याची शक्यता कमी. मात्र मंडळाने मागाहून चाल बदललेली असू शकते, म्हणून चाल हा आधार घ्या, निकाल म्हणून धरू नका. शाई, पानाची जागा, आजूबाजूची गाणी यांनीही काळ कळतो.

तिसरी चूक टाळा: गायकाला कवी समजू नका. प्रल्हाद शिंदे यांच्या आवाजाने कितीतरी कवींची गाणी घराघरांत नेली, ती सगळी त्यांची रचना नव्हेत. पुस्तिकेत 'गीत' आणि 'आवाज' अशा दोन वेगळ्या ओळी द्या. खूप शोधूनही नाव नाही लागलं तर 'कवी अज्ञात, वही अमुक गावची, उतरवलं अमुक साली' असं छापा. 'पारंपरिक' म्हटलं की शोध बंद होतो. 'अज्ञात' म्हटलं की कुणीतरी नातू पुढे येऊन सांगतो.

वही लॅमिनेट करू नका, ती उष्णता आणि प्लास्टिक कागदाला कायमचं बांधून टाकतं. दिवसाच्या उजेडात खिडकीशेजारी, फ्लॅश बंद करून, फोन पानाला समांतर धरून प्रत्येक पानाचे फोटो घ्या. कोऱ्या पानांचे आणि पुठ्ठ्याचेही घ्या, तिथे तारखा आणि हिशेब असतात.

प्रश्न : आमच्या शाहिरी पथकाचे डफ पावसाळा लागला की उतरतात. शेगडीवर धरले तर चढतात, दहा मिनिटांत पुन्हा बोदे. मागच्या महिन्यात एक फाटला. ढोलकीचंही तेच. (वाचक, काटोल)

उत्तर : दादा, चामडं हवेतला ओलावा पितं आणि सैल होतं. मोठ्या आचेवर धरलं की वरवरचा थर सुकतो, आतला ओलाच राहतो, म्हणून दहा मिनिटांत मूळ पदावर. आणि कडेजवळचं चामडं आधी आकसतं, ते तिथेच चौकटीला धरलेलं असतं, ताण एका रेषेत येतो आणि डफ काठावर फाटतो. तुमचा फाटलेला डफ पाहा, चीर मधे नसेल, काठालगत असेल.

उपाय सावकाशीचा. स्वतःचा तळवा सुखाने धरवेल इतक्या उंचीवर डफ धरा, सतत फिरवा, दोन्ही बाजूंनी मिळून पाच-सात मिनिटं. मग तितकाच वेळ निववा आणि पुन्हा एकदा शेका. दुसऱ्या शेकानंतर सूर धरतो. कार्यक्रमाच्या ठिकाणी जाळ करणं शक्य नसेल तर खोक्यात साठ वॉटचा जुना पिवळा बल्ब लावून हातभर अंतरावर डफ अर्धा तास ठेवा. एलईडीला ऊब नसते, तो चालणार नाही. शेकलेला डफ कापडी पिशवीत, वरून प्लास्टिक. थेट प्लास्टिकमध्ये घातला तर आतल्या आत घाम धरतो. पथकाकडे डफ निदान दोन असावेत, एक वाजताना दुसरा उबेत.

ढोलकीच्या पानावरची, म्हणजे तोंडाच्या चामड्यावरची, काळी शाई आचेजवळ कधीच नेऊ नका, ती तडकते आणि पोपडे सुटतात. ढोलकी कड्यांनी किंवा नट-बोल्टने चढवायची: एक नट पाव फेरा, मग त्याच्या बरोबर समोरचा पाव फेरा, असं गोलाने. एकाच बाजूने आवळत गेलात तर पान तिरकं ओढलं जातं आणि काठावर एका ठिकाणी टण, दुसऱ्या ठिकाणी टप्प असा आवाज येतो. धुमेच्या, म्हणजे खर्जाच्या, बाजूचा आतला मसाला कडक होऊन खडखडत असेल तर तो कारागिराकडूनच बदलून घ्यावा. आणि आपल्या नागपूरकडचा उन्हाळा विसरू नका. पावसात आवळलेली ढोलकी तशीच मेपर्यंत राहिली तर वाळून आपोआप फाटते. दिवाळीनंतर प्रत्येक नट अर्धा फेरा सैल करून ठेवा.

कृत्रिम पडद्याचा डफ पावसात उतरत नाही, हे खरं. मिरवणुकीला तो घ्या. पण पोवाड्यात शाहीर एक ओळ थांबवतो आणि डफाची घुमारी ती ओळ पुढे नेते, ते काम प्लास्टिक करत नाही. मंडपात चामड्याचाच हवा.

खंजिरी घेताना कुणी 'घोरपडीच्या कातड्याची' म्हणून महाग विकू लागला तर उठून या. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते बंद आहे. बकरीच्या कातड्याची खंजिरी उत्तम बोलते.

प्रश्न : तुणतुण्याची तार दर कार्यक्रमाला तुटते. (वाचक, हिंगणा)

उत्तर : कुठे तुटते ते पाहा. खुंटीजवळ तुटत असेल तर तार भोकातून काटकोनात वळते आहे. भोकाची कड पॉलिश पेपरने गोल करा आणि खुंटीला निदान तीन वेढे पडू द्या. खाली पडद्याशी तुटत असेल तर गाठ चामड्याला कापते आहे. पडद्याच्या मागे शर्टाचं बटण किंवा जाड चामड्याची टिकली घालून गाठ त्यावर बसवा. गाऊन झालं की तार कोरड्या फडक्याने पुसा, घामाने गंजते. आणि शाहिराची पट्टी ठरायच्या आधी तार चढवू नका. निम्म्या तारा या 'आधीच लावून ठेवतो' मध्ये जातात.

प्रश्न : वडिलांमुळे वुडी गथ्री, पीट सीगर, बॉब डिलन हे अमेरिकी लोकगायक लहानपणापासून ऐकले. गिटारवर आता ओव्या आणि पोवाडे म्हणावेसे वाटतात, पण कॉर्ड लावले की ओवी ओवीसारखी राहत नाही. शिवाय मे महिन्यात गिटारच्या धातूच्या पट्ट्यांची टोकं बोटांना टोचतात. (वाचक, धरमपेठ)

उत्तर : तुमचा ओढा अगदी बरोबर ठिकाणी आहे. गथ्री (१९१२–१९६७) लोकांच्या ओठांवर असलेल्या चालींवर आपले शब्द बसवायचा, आपल्या शाहिरांनी आणि भीमगीतकारांनी नेमकं तेच केलं. सीगरने आपल्या बँजोचा गळा तीन पट्ट्यांनी लांबवून घेतला, आवाजाला सोयीची खालची पट्टी मिळावी म्हणून. आधी गाणाऱ्याचा गळा, मग वाद्य, हा धडा तिथून घ्या.

ओवीची चाल चार-पाच सुरांत फिरते. तिच्या खाली तीन-तीन कॉर्ड बदलले की प्रत्येक बदल 'आता काहीतरी झालं' असं सांगतो, आणि ओवीत तर जात्यासारखं एकच फिरणं आहे. म्हणून कॉर्ड सोडा आणि षड्ज-पंचम धरा. गिटार डी-ए-डी-जी-ए-डी अशी लावा: नेहमीच्या जुळणीतली सहावी, दुसरी आणि पहिली तार प्रत्येकी दोन पट्ट्या उतरवली की झालं. आता मोकळ्या तारांवर अंगठ्याने खालचा सा-प चालू ठेवा, तर्जनीने ओवीचेच सूर. ही जुळणी पांढरी दोनची. कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) पहिल्या घरात लावला की काळी दोन, तिसऱ्यात पांढरी चार, चौथ्यात काळी तीन, सहाव्यात काळी चार. बहिणीला गायचं असेल तर सहावं घर बहुधा सोयीचं.

पोवाड्याला बोटांची नाजूक छेड पुरत नाही. उजव्या हाताचा तळवा पुलाजवळ तारांवर अर्धवट टेकवून, वरून खाली, डफाचा ठेका द्या. 'जी जी रं जी'ला तळवा उचला. झिलकऱ्यांच्या, म्हणजे मागे सूर धरणाऱ्यांच्या, आवाजाला ती मोकळी गाज फार छान लागते.

टोचण्याचं कारण कोरडी हवा. लाकूड आकसतं, धातूची पट्टी आकसत नाही, म्हणून टोकं बाहेर येतात. गिटारला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते, आपल्याकडचा मे महिना त्याच्या कितीतरी खाली असतो. भोकं पाडलेल्या साबणाच्या डबीत ओला करून पिळलेला स्पंज घालून ती केसमध्ये गिटारच्या डोक्याशी ठेवा, केस बंद. तीन दिवसांनी स्पंज पाहा. सोबत छोटं डिजिटल आर्द्रतामापक असू द्या. कूलरच्या झोतात गिटार ठेवणं हा उपाय नाही, एका बाजूने भिजून पाट वाकडा होतो. दोन-तीन आठवड्यांत बरीच टोकं आत जातात. उरलेली कारागिराकडून घासून घ्या. पावसाळ्यात उलट होतं: पोट फुगतं, तारा उंच होतात. तेव्हा डबी काढून सिलिका जेल.

प्रश्न : आमच्या महिला मंडळाला भुलाबाईची गाणी आणि काही शाहिरांची गीतं यूट्यूबवर टाकायची आहेत. परवानगी लागते का? (वाचक भगिनी, महाल)

उत्तर : भुलाबाईची पिढीजात गाणी तुम्ही स्वतः गायलात तर कुणाची परवानगी नको. मात्र दुसऱ्याने केलेलं रेकॉर्डिंग उचलू नका, रेकॉर्डिंगचा हक्क वेगळा असतो.

कवी ठाऊक असेल तर हिशेब असा: कवीच्या निधनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क चालतो. तुकडोजी महाराज १९६८ मध्ये गेले, म्हणजे ३१ डिसेंबर २०२८ पर्यंत. अण्णा भाऊ साठे १९६९, म्हणजे २०२९ अखेर. वामनदादा २००४, म्हणजे २०६४ अखेर. पठ्ठे बापूराव १९४५ मध्ये गेले, त्यांच्या रचना मोकळ्या. तिकीट न लावता हौशी मंडळाने प्रेक्षकांपुढे गाण्याला कायद्यात सूट आहे, पण यूट्यूबवर टाकणं त्या सुटीत बसत नाही. तिथे वारसांची किंवा ज्यांच्याकडे हक्क आहेत त्यांची लेखी परवानगी घ्या. बहुतेक वारस पैसे मागत नाहीत, नाव नीट लिहा एवढंच म्हणतात. आणि नाव लिहिणं हा उपकार नव्हे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५७ प्रमाणे आपली रचना आपल्या नावावर ओळखली जाण्याचा हक्क कर्त्याला आहे, पैशाचे हक्क विकले तरीही.

प्रश्न : मावशी ८१ वर्षांच्या आहेत. जात्यावरच्या ओव्या आणि भुलाबाईची गाणी त्यांना खूप येतात. महागडं यंत्र नाही, फोन आहे. शिवाय 'म्हणा' म्हटलं की त्यांना आठवतच नाही. (वाचक भगिनी, नंदनवन)

उत्तर : ताई, फोन पुरे आहे, खोली मात्र नीट निवडा. कूलर, पंखा, पंप, फ्रीज बंद. टिनाच्या छपराखाली पावसात काहीच होणार नाही. पहाटे साडेपाचची वेळ उत्तम, रस्ता झोपलेला असतो. गाद्या-गोधड्यांची, कपड्यांच्या कपाटाची खोली घ्या, कपाटाचं दार उघडं ठेवा. नुसत्या फरशी-भिंतींच्या खोलीत आवाज घुमतो आणि शब्द पुसट होतात.

फोन विमान मोडवर टाका, घडी केलेल्या टॉवेलवर ठेवा, हातात धरू नका. माइक खालच्या कडेला असतो, ती कड मावशींकडे, तोंडापासून ३० ते ४० सेंटिमीटर, थोडी बाजूला, म्हणजे 'प' आणि 'भ'चा फुत्कार लागत नाही. रेकॉर्डरच्या सेटिंगमध्ये सर्वांत वरचा दर्जा निवडा. व्हॉट्सॲपच्या व्हॉइस नोटवर गाणं भरू नका, तो आवाज दाबून बारीक करतो. सुरुवातीला दहा सेकंद गप्प बसा, खोलीची शांतता भरली जाऊ द्या. पुढे खरखर मोजायला ती लागते.

आठवत नाही याचं कारण साधं आहे. ओवी जात्याच्या फेऱ्याला बांधलेली असते. हात थांबला की ओवी थांबते. जातं मिळालं तर रिकामंच फिरवू द्या, पण दाण्याची मूठ टाकलेली बरी, रिकाम्या दगडाची घरघर कर्कश असते. हे वजन आता झेपत नसेल तर पाटावर उलटी वाटी द्या आणि गोल फिरवायला सांगा. पहिल्या पाच-सात फेऱ्यांत शब्द येऊ लागतात. भुलाबाईच्या गाण्यांना दुसरी कुणी तरी हवी, ते गाणं एकीचं नसतंच. शेजारच्या त्यांच्या वयाच्या बाई बोलवा, चहा द्या आणि फोन चालू ठेवून स्वतः गप्प बसा. चूक दुरुस्त करायला दोघींची जी खटपट होते, 'अगं तसं नाही, आमच्याकडे असं', तेही भरलं जाऊ द्या. दोन गावांचे दोन पाठ तिथेच मिळतात. एका बैठकीत पाऊण तासापेक्षा जास्त ताणू नका.

प्रत्येक बैठकीच्या सुरुवातीला मावशींच्याच तोंडून चार गोष्टी वदवून घ्या: नाव, वय, माहेरचं गाव आणि गाणं कुणाकडून शिकलं. सासरचा पत्ता इथे फसवा आहे. बाईच्या गळ्यातली गाणी बहुधा माहेरची असतात. नंदनवनात राहणाऱ्या मावशींची ओवी पवनीची किंवा आर्वीची असू शकते, आणि तसंच लिहिलं पाहिजे. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांनी महाराष्ट्रभर लाखावर ओव्या जमवल्या, त्यात ओवीसोबत गाणारीचं आणि गावाचं नाव नोंदलं, म्हणून आज तो ठेवा नुसता शब्दांचा ढीग नाही.

फाइलचं नाव 'मावशी १' नको. 'साल-महिना-तारीख, गाणारी, माहेर, प्रकार' असं ठेवा. दोन प्रती वेगळ्या घरांत. आणि एक प्रत मावशींना ऐकवा. ऐकताना त्या हमखास म्हणतील, 'यातलं एक कडवं राहिलं.' तेव्हा फोन पुन्हा चालू असू द्या.